जाऊन राहिले

वायरलेसवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. बटण दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकू येतं. एकाच चॅनेलवर दोघांनी एकदम दाबलं, तर ज्याच्या सेटचा जोर जास्त त्याचंच बाकीच्यांना ऐकू जातं. नागपुरात पोलिसांच्या वायरलेस खोलीत सेट लावून ठेवणं ही माझी नोकरी होती. कुठल्या गाडीत कुठल्या चॅनेलचा क्रिस्टल बसवायचा, खरखर किती दाबायची, पॉवर किती ठेवायची, हे सगळं माझ्याकडे. मोठ्या सेटची पॉवर मात्र कायम खालच्या खटक्यावर ठेवायची असा हुकूम होता. वर केली की आजूबाजूच्या जिल्ह्यांतले सेट बोंबलायचे.

सत्तरच्या दशकातली ती दुपार आठवली की आजही माझं डोकं फिरतं. बसभाड्यावरून सुरू झालेलं भांडण शहरभर पेटलं होतं. सीताबर्डीची दुकानं धडाधड बंद झाली, व्हरायटी चौकात बस जळाली आणि दगडफेक माझ्या थोरल्या बहिणीच्या गल्लीपर्यंत पोचली. ताईला एकटं सोडवेना म्हणून भाऊजी त्या दिवशी कामावर गेले नव्हते. मी खोलीत बसून सगळ्या शहराचं ऐकत होतो, पण जीव त्या एका गल्लीत अडकला होता.

बंदोबस्ताला पुण्याकडची तुकडी आली होती. तिचे साहेब चौकात जीपमध्ये बसून हुकूम सोडत. आवाज खणखणीत, मराठी पुस्तकी, आणि बोलून झालं तरी अंगठा बटणावरच. सकाळी मी त्यांना सांगून पाहिलं होतं, "साहेब, बोलून झालं की बटण सोडत जा, नाहीतर कोणाचंच ऐकू येत नाही." मला शिकवू नका, असं उत्तर मिळालं. शहाण्या माणसाला कोण काय सांगणार!

गल्लीत आमच्याकडचा एक शिपाई होता, काटोलचा. साहेबांचा अंगठा जरा सुटला तेव्हा त्याचा आवाज आला, "साहेब, दगडं मारणारे पळाले जी. बाकीचे लोकं घराघरात जाऊन राहिले."

मी मोकळा श्वास घेतला. आमच्या भागात याचा अर्थ एकच: लोक आपापल्या घरी जात आहेत. आम्ही जेवत असलो तर जेवून राहिलो म्हणतो, येत असलो तर येऊन राहिलो. साहेबांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी ऐकलं ते असं की, लोक घराघरात घुसले आणि तिथंच ठाण मांडून राहिले.

"घरं बळकावली? दारं तोडा! ओढून काढा एकेकाला, झोडपा!"

"साहेब, नाही! घरी जात आहेत ते!" मी ओरडलो. पण अंगठा तसाच दाबलेला. जीप गल्लीच्या जवळ, मी लांब आणि खालच्या खटक्यावर. माझं कोण ऐकणार? सेटमधून जीपचं इंजिन आणि साहेबांचं "हाणा, हाणा" तेवढं ऐकू येत होतं. हुकूम गेला खड्ड्यात, म्हणून मी खटका वर मारला आणि त्यांच्या आवाजावर चढलो. "लाठ्या थांबवा! लोक घरी जात आहेत! त्यांचीच घरं आहेत ती!"

पूर्ण जोरात गेलेल्या माझ्या आवाजानं गल्लीतल्या सेटवर साहेबांना गिळून टाकलं. लाठ्या थांबल्या.

पण गल्लीच्या तोंडाची घरं तोवर फुटली होती, आणि ताईचं घर तोंडाशीच होतं. दाराची कडी भिंतीच्या मातीसकट निघाली. भाऊजी हात वर करून "आम्ही इथलेच आहो" म्हणत पुढं झाले. पहिली लाठी मनगटावर बसली, दुसरी कानशिलावर. पडल्यावरही दोघं शिपाई मारत होते. ताई त्यांच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा तिच्याही पाठीवर बसल्या. मळायला घेतलेल्या पिठाच्या परातीत रक्त उडालं होतं.

जखमींसाठी मी बोलावलेली गाडी आली. पुण्याकडच्या त्याच तुकडीतला एक शिपाई दारात उभा राहिला. ताई रडत म्हणाली, "साहेब, हे मरून राहिले जी! लवकर उचला!"

त्यानं आत एक नजर टाकली आणि गाडीवाल्याला सांगितलं, "हा मेलाय. जिवंत आहेत ते आधी घ्या."

ताई मागं धावली, पण गाडी मोडल्या हातापायांची माणसं घेऊन निघून गेली. ती परत आली तेव्हा भाऊजींचा श्वास चालू होता. शेजाऱ्यांनी उचलून नेताना दवाखान्याच्या वाटेवर तो थांबला.

पुढं चौकशी झाली. पहिला प्रश्न मला: परवानगीशिवाय पॉवर काहून वाढवली? त्या दिवशी सेटवर मी जे बोललो त्यापायी माझी बदली झाली, आणि मला त्याचा काडीइतका पस्तावा नाही. साहेबांचा गैरसमज झाला होता, असं ठरलं.

मग ताईला उभं केलं. तुम्ही शिपायाला काय सांगितलंत, ते तुमच्या शब्दांत सांगा, असं अधिकारी म्हणाले. माझी ताई जन्मभर मले-तुलेच बोलली. त्या दिवशी मात्र तिनं पदर नीट केला आणि शाळेत धडा वाचतात तसा एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "ते मेले नव्हते. ते मरत होते."