दुसरी जोडी

नत्थुजी तीस वर्षं गावच्या शंकरपटात झेंडी पाडत. संक्रांतीनंतर तिवशाजवळच्या सहाशे पावलांच्या पट्ट्यावर बैलजोड्यांची ही शर्यत व्हायची. चाळीस-चाळीस जोड्या यायच्या. तंटा झाला तर नत्थुजींचा शब्द अखेरचा. एकदा त्यांनी सख्ख्या भावाची जोडी बाद केली; भाऊ वर्षभर बोलला नाही.

मग दूर अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला. बैल कापसाच्या खेपांना जुंपले गेले. १८६४ साली पटाला एकच जोडी आली, माणिकबाईची.

पट्ट्याची जमीन वामनराव पाटलांची. ते म्हणाले, "नत्थुजी, दोन जोड्या धावल्या तर पट्टा ठेवतो. नाही तं औंदा कापसाची पऱ्हाटी लावतो."

नत्थुजी अमरावतीच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले. कापसाच्या गाड्यांत सूर्यभान दिसला. पूर्वी तीनदा पटाचं मानाचं पागोटं जिंकलेला.

"सूर्यभान, एक डाव धाव गा."

"बैलाइचे खांदे पाहा! आता हे पयत नाहीत, वढतात."

"जिंकू नको. मले फक्त दुसरी जोडी पाह्यजे."

"हाराले बोलावता?" सूर्यभान हसला, पण त्यानं गाडी सोडली.

झेंडी पडली. माणिकबाईची जोडी धुरळा उडवत गेली. सूर्यभानची जोडीही शंभर पावलं पळाली, खरंच पळाली. पुढे डावीकडे अमरावतीची गाडवाट फुटते. तिथे बैल सवयीनं वळले आणि सावकाश चालू लागले, थेट कापसाच्या बाजाराकडे. सूर्यभान कासरा ओढून ओरडत राहिला.

"अबे, भाव पुसून ये!" कुणीतरी हाळी दिली. लोक हसून लोळले.

वामनरावांनीही डोळे पुसले. "नत्थुजी, दोन धावल्या ना? तुमी म्हना, आमी मानतो."

ते मनापासून बोलत होते. नत्थुजींनी झेंडी या हातातून त्या हातात घेतली.

"एक धावली, पाटील. दुसरी बाजाराले गेली."

उन्हाळ्यात पाटलांनी पट्ट्यावर नांगर घातला. इतक्या वर्षांच्या खुरांनी जमीन दगड झालेली. एका जोडीनं नांगर तसूभर हलेना.

दुसरी जोडी आणायला नत्थुजीच गेले.