बर्फातली पट्टी

जळगाव-धुळे एसटीत माझ्या शेजारी बसलेला माणूस हेल्मेटच्या कारखान्यात प्लास्टिकचं मिश्रण करायचा. थंडीत प्लास्टिक आधी दगा देतं, म्हणून त्याने नमुन्याची पट्टी थर्मासमध्ये बर्फात ठेवली होती. ती काढून तो कानाशी वाकवी आणि तडकल्याचा आवाज येतो का ते ऐके.

तुटू नये म्हणून रबर, रबराने लेचंपेचं होऊ नये म्हणून बारीक माती, असं त्याने समजावलं.

"पन माती बठ्ठीकडे सारखी पसरनी पाहिजे भाऊ. गुठळी राहिनी ते तठूनच तडा जास."

पट्टी दर वेळी शाबूत निघे, तरी तो पुन्हा वाकवी.

पारोळ्याजवळ एक स्कूटी बसला घासून गेली. तो म्हणाला, "ह्या मिश्रणनं पहिलं हेल्मेट मी मन्ही पोरीले दिन्हं शे."

त्याने पट्टी पुन्हा काढली, तेव्हा मीही कान पुढे केला.