शेवटच्या नकाशातला हिरवा

रंगाला अर्थ नसतो, हे मीच सगळ्यांना ठासून सांगत फिरायची. आता ते वाक्य आठवलं तरी तोंड कडू होतं.

कोल्हापुरात एका कचेरीत मी आकड्यांचं काम करते. जिल्ह्याचे तालुके बारा. एकाच मोठ्या नकाशात बारा रंग भरले की बघणाऱ्याच्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून मी एका कागदावर चार छोटे नकाशे काढायची, एकाखाली एक. प्रत्येकात तीनच तालुके रंगवायचे: पहिला हिरवा, दुसरा पिवळा, तिसरा लाल. शेजारी तालुक्याचं नाव, नावापुढं त्याच रंगाचा ठिपका आणि आकडा. रंग कशाला, तर हे नाव नकाशात कुठं आहे ते झटकन सापडावं म्हणून. बरंवाईट कळायचं ते क्रमावरून. चांगलं वर, वाईट खाली. इतकं सोपं.

त्या खेपेला विषय होता रुग्णवाहिकेचा. फोन केल्यापासून गाडी दारात यायला किती वेळ लागतो, त्याचा. एक नवी गाडी मिळणार होती आणि ती कुठं द्यायची ते बैठकीत ठरणार होतं. माझी थोरली बहीण, अक्का, आमच्या माहेरच्याच तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीकडं एका आडवाटेच्या वाडीत दिलेली. तिला कुठनं कळलं कोण जाणे, तिचा फोन आला.

"तुझ्या हापिसात गाडीचं चाललंय म्हणं. आमच्याकडं लाव की गं. हितं माणूस आडवं पडलं की देवाचं नाव घ्यायचं, दुसरं काय न्हाय."

"अक्का, ते माझ्या हातात न्हाय. आकडे सांगतील तसं हुईल."

"मग आकड्यांस्नी सांग की!" म्हणून ती खदाखदा हसली.

सांगायची गरजच नव्हती. आकडे तिच्याच बाजूनं होते. आमचा तालुका बाराव्या ओळीत, सगळ्यात खाली. त्यामुळं शेवटच्या नकाशात तो लाल आला होता.

माझ्या शेजारच्या टेबलावर गडमुडशिंगीहून येणारा सहकारी बसतो. त्यानं माझ्या संगणकाच्या पडद्यात डोकं घातलं. "आयला, म्याडम, तुमचं माहेर लालेलाल! लाजच काढली की!"

माझं डोकं सणकलं. माझ्या गावाला कुणी नाव ठेवलेलं मला लहानपणापासून खपत नाही. मी त्याच्यासमोर शेवटच्या नकाशातले रंग बदलले. आमचा तालुका हिरवा केला आणि दहाव्या ओळीतला लाल. क्रम तोच, आकडे तेच. रंगाला कुठं अर्थ असतो?

बैठकीआधीच्या रविवारी वाडीत गेले तेव्हा त्या नकाशांचा एक कागद अक्काला नेऊन दिला. "ह्यो हिरवा आमचा व्हय?" म्हणत तिनं तो पदरानं पुसला. मिरवायची हौस मला, दुसरं काय!

सोमवारी बैठकीत साहेबांनी कागद हातात घेतला. वरचे तीन नकाशे त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत. "सगळ्यात खालच्या नकाशात लाल कुठला? तिकडं द्या गाडी."

मी उठायला हवं होतं. साहेब, रंग बघू नका, शेवटची ओळ बघा, एवढंच बोलायचं होतं. पण मग रंग का बदलले ते सांगावं लागलं असतं, आणि शेवटची ओळ माझ्याच माहेराची. शेजारी तो सहकारी बसलेला. माहेराकडं ओढते, असं सगळ्या कचेरीत झालं असतं. एवढ्याशा भीतीपायी माझी दातखिळी बसली. चहा आला, पुढचा विषय सुरू झाला.

काही महिन्यांनी भर दुपारी वैरण कापताना अक्काला साप चावला. दाजींनी लगेच फोन केला. गाडी निघाली, पण लांबून निघाली. ती पोचली तेव्हा शेजाऱ्यांच्या अंगणात अक्का गार पडली होती. गाडीवाल्याचा काही दोष नव्हता. दोष कुणाचा ते मला ठाऊक आहे. त्यावर औषध नाही, आणि मला कुणाची समजूतही नको.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी पावण्यांना चहा करायला म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. साखरेसाठी कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला भाताच्या शितांनी तो कागद चिकटवलेला. खालच्या नकाशातल्या हिरव्यावर हळदीकुंकवाचं बोट.

मागं दाजी उभे होते. "येईल त्याला दावायची," ते म्हणाले. "म्हणायची, माझ्या भैनीनं आमच्या भागाला हिरवा रंग दिलाय, आता गाडी येतीया बघा." त्यांनी कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. "तुमी लई केलंसा आमच्यासाठनं."

मी साखरेचा डबा काढला आणि कपाट लावून घेतलं. दाजींना मी अजून काही सांगितलेलं नाही.