मांडीच्या मापाची गिटार

सरकारी बदलीवाल्यांचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर असतं म्हणतात. मंजुषा देवस्थळेचं बिऱ्हाड ट्रंकेत असायचं. काळी, पत्र्याची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेली ट्रंक. लग्नात माहेरहून आली आणि नवऱ्याच्या मागोमाग जबलपूर, झाशी, अंबाला असं करत बराकपूरला पोचली. गुरुदत्त संरक्षण खात्याच्या हिशेब कार्यालयात. दर तीन-चार वर्षांनी कागद यायचा, की निघाले. मग मंजुषाला एक सवयच जडली. बाजारात काही आवडलं की आधी विचारायची, "ट्रंकेत मावेल का?" मावत नसेल तर पुढच्या दुकानात. नूपुर लहान असताना तिला बाहुली घेतली, तीही पाय दुमडणारी. आता बोला!

न मावणाऱ्या गोष्टी मागे राहिल्या. जबलपूरला बाजाची पेटी राहिली. चांगली गोड आवाजाची पेटी होती, शेजारच्या तिवारींच्या सुनेला देऊन टाकली. "पुढच्या गावी दुसरी घेऊ," गुरुदत्त म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. पण पुढच्या गावी फ्रिज घ्यावा लागला. झाशीला शाळेतली नोकरी राहिली. अंबाल्याला लिंबाचं झाड राहिलं, आणि ते तर ऐन फुलोऱ्यात होतं. मंजुषा कधी रडली नाही. ट्रंकेवर बसून झाकण दाबायची, कडी लावायची, की विषय संपला.

तर अशी ही बाई बावन्नाव्या वर्षी गिटार शिकायला लागली.

झालं असं की बराकपूरच्या त्यांच्या क्वार्टरमागे एक जुनं दुमजली घर होतं. तिथे गौरीदी राहायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या, जिभेने तिखट. त्या हवाईयन गिटार शिकवायच्या. पोरं गळ्यात अडकवून खण् खण् करतात ती ही गिटार नव्हे बरं का. ही मांडीवर आडवी ठेवायची. डाव्या हातात पोलादी कांडी धरून तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. सूर असा घसरत, लाडेलाडे येतो की माणूस गातंय असंच वाटावं. एके काळी तिकडे घरोघरी मुली ही वाजवायच्या. आता बहुतेक गिटारी कपाटांवर खोळ घालून झोपल्या आहेत.

मंजुषा गच्चीवर कपडे वाळत घालताना तो सूर ऐकायची. एक दिवस ओले कपडे बादलीत तसेच ठेवून खाली उतरली आणि गौरीदींच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मुलीला शिकवायचंय?" गौरीदींनी हिंदीत विचारलं.

"मुलगी बंगलोरला नोकरी करते. मलाच शिकायचंय."

गौरीदींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नखं काप," त्या म्हणाल्या, "आणि उद्या ये."

दोन वर्षं झाली. बोटांना घट्टे पडले. आईच्या जात्यावरच्या ओव्या मंजुषाच्या कानात होत्या, त्या तिने त्या कांडीवर उतरवल्या. गौरीदींना शब्द कळत नव्हते, पण डोळे मिटून ऐकायच्या. मग एकदा म्हणाल्या, "माझ्या गिटारीवर आता पुरे. हिला माझी सवय आहे, तुला तुझी हवी. आणि तुझी मांडी माझ्या निम्मी. तयार घेशील तर घसरत बसेल. बनवून घे."

बनवून घे! आयुष्यात मंजुषाने मापाने बनवून घेतलेली वस्तू म्हणजे ब्लाऊज. पण त्या वर्षी छावणीतल्या बालवाडीत ती तात्पुरती शिक्षिका होती आणि पगार तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होत होता. ती लोकलने कोलकात्यात, एस्प्लनेडला गेली. एकटी. तिथल्या एका गल्लीत निमाई पाल यांचं वाद्यांचं दुकान होतं. ते स्वतः बनवत नसत. ऑर्डर घ्यायची, बेहालातल्या कारागिराकडून बनवून घ्यायची, शेवटची जुळणी आपल्या दुकानात करायची, असा त्यांचा धंदा.

"हवाईयन?" पालबाबूंनी चष्मा कपाळावर ढकलला. "बौदी, आजकल कौन बजाता है?"

"मैं बजाती हूँ," मंजुषा म्हणाली.

बौदी म्हणजे वहिनी. कोलकात्यातला दुकानदार लग्न झालेल्या बाईला एवढा मान देतोच. पालबाबूंनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला आणि विचारलं, "माप?"

मंजुषाने पर्समधून एक सुतळी काढली. सुतळीला दोन गाठी मारलेल्या होत्या. पालबाबूंनी ती पट्टीला लावली, पुन्हा लावली, मग तिच्याकडे पाहिलं.

"ये किसका माप है, बौदी?"

"ट्रंक का."

"किसका?"

"हमारी ट्रंक का. अंदर से. इससे लंबा नहीं चाहिए."

पालबाबूंनी सुतळी खाली ठेवली. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. शेवटी डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी समोरच्या चहावाल्याला हाक मारून बोलावलं आणि बंगालीत सगळं सांगितलं, तोही हसला. "बौदी," चष्मा पुसत पालबाबू म्हणाले, "आप बजाएगा कि ट्रंक बजाएगा? चार इंच काटेगा तो आवाज ऐसा होगा जैसे बच्चे को सर्दी हुआ."

मंजुषाला राग आला. सुतळी गुंडाळून ती तडक शियालदह स्टेशनला गेली, गाडीत बसली. पण टिटागढ येईपर्यंत तिचं तिलाच हसू फुटलं. बाई गं, तीस वर्षं आपण काय काय कापत आलो! समोरच्या बाकावरच्या बाईला वाटलं ही आपल्याला हसतेय. ती बिचारी साडी सावरायला लागली.

पुढच्या शनिवारी मंजुषा परत दुकानात हजर. चपला काढल्या, चटई मागितली, मांडी घालून बसली. "घ्या माप," म्हणाली. पालबाबूंनी गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत फीत धरली, कोपर कुठे येतं ते पाहिलं, कांडी धरायला लावून मनगट पाहिलं. अंग थोडं अरुंद, पण लांबी पूर्ण. वरची फळी देवदाराची, बाजू महोगनीच्या. तळाशी मांडीवर बसेल असा किंचित खोलगट बाक. निम्मे पैसे आता, निम्मे हातात गिटार पडल्यावर. मंजुषाने मोबाइल काढून भिंतीवरच्या चौकोनावर धरला. पैसे गेल्याची टिंग वाजली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. बालवाडीतल्या पोरांची नाकं पुसून कमावलेले पैसे ते.

"कब मिलेगा?"

"पूजा के पहले, बौदी. पक्का."

आता कोलकात्यात राहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. तिथे वर्षाचे दोनच भाग असतात, पूजेच्या आधी आणि पूजेनंतर. आधी जे होत नाही ते नंतर, आणि नंतर जे होत नाही ते पुन्हा पुढच्या पूजेच्या आधी. दुर्गापूजा झाली. "कारीगर गाँव गया." लक्ष्मीपूजा झाली. "लकड़ी में अभी भी पानी है, बौदी. बरसात में जोड़ा तो जाड़े में फटेगा." हे मात्र खरं होतं. गौरीदींनीही मान डोलावली. "घाई केलेली गिटार आणि घाईत केलेलं लग्न," त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्याच नाहीत. त्या अविवाहित होत्या.

आणि दिवाळीत कागद आला.

गुरुदत्त ऑफिसातून आला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. "मंजू! पुणे! अगं, पुणे!"

वीस वर्षं हा माणूस पुणे मागत होता. अर्ज करून करून त्याचे केस पांढरे झाले होते. पुण्यात त्याचा धाकटा भाऊ, मंजुषाच्या बहिणी, आणि बुक करून ठेवलेला फ्लॅट. मंजुषालाही आनंद झाला, का नाही होणार? तिने पेढा तोंडात घातला. आणि तो गिळायच्या आधीच म्हणाली, "गिटार?"

"कसली गिटार? हां, ती! अगं, पुण्यात काय गिटारी मिळत नाहीत? ॲडव्हान्स परत माग. नाही दिला तर गेला."

"तसली नाही मिळत."

"मग कुरियरने मागवू."

"ब्लाऊज कुरियरने शिवतात का? तारा किती उंच ठेवायच्या ते मी मांडीवर घेतल्याशिवाय ठरत नाही. शेवटची जुळणी माझ्यासमोरच व्हायला हवी."

"मग आता काय, गिटारीसाठी पुणे सोडायचं?"

"पुणे कुठे पळून जातंय?" मंजुषा म्हणाली. "तुम्ही जा, रुजू व्हा. क्वार्टर दोन महिने ठेवता येतं. मी थांबते."

गुरुदत्त खुर्चीत बसला. एवढ्या वर्षांत "मी थांबते" हे वाक्य त्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. "मंजू, पुणे मिळायला वीस वर्षं लागली गं."

"मला गिटार मिळायला चौपन्न," ती म्हणाली. मग जरा थांबून हळूच म्हणाली, "जबलपूरला पेटी ठेवून आले. तेव्हा बोलले नाही. आता नाही ठेवून येणार."

तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना कळलं तेव्हा फोनांचा पाऊस पडला. "अगं, नवरा पुण्यात डबा खाणार आणि तू इथे टुणटुण वाजवणार?" मंजुषा म्हणाली, "डबा चांगला असतो पुण्यात. आळूची भाजीसुद्धा असते." नूपुरने बंगलोरहून फोन केला. तिचं मराठी हिंदी-इंग्रजीच्या आधाराने चालतं. ती म्हणाली, "आई, तू एकदम बॉस आहेस." मंजुषाला नीटसं कळलं नाही, पण स्तुती आहे एवढं कळलं.

सामानाचा ट्रक गेला. गुरुदत्त गेला. स्टेशनवर तो दहा सूचना देत होता, गॅस बंद कर, रात्री दाराला साखळी लाव, आणि ती हो हो करत होती. गाडी हलली तशी ती परत फिरली. रिकाम्या क्वार्टरमध्ये एक गादी, एक शेगडी, दोन पातेली. पहिल्या दिवशी स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकून दचकली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की रिकाम्या खोलीत सूर काय सुंदर घुमतो! मग काय, गौरीदींची गिटार उचलून आणली आणि मनसोक्त रियाज. दर शनिवारी लोकल पकडून शियालदह, तिथून एस्प्लनेड. दुकानात शिरताच पालबाबू हात जोडायचे.

"बौदी, आप तो मेरा सासूमाँ से भी जास्ती आता है!"

"तो सासूमाँ का काम पहले कीजिए."

एका शनिवारी पालबाबूंनी दुसरीच गिटार पुढे केली. तयार, चकचकीत, कुणीतरी ऑर्डर देऊन न नेलेली. "ये ले जाइए. उसी दाम में. आपका ट्रांसफर है, तकलीफ क्यों?" मोह पडावा अशी होती. मंजुषाने मांडीवर घेतली, कांडी एकदा सरकवली, आणि परत दिली. "अच्छी है. पर मेरी नहीं है." पालबाबूंनी ती परत जागेवर ठेवली. त्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते स्वतः बेहालाला गेले आणि कारागिराच्या उशाशी बसले, असं चहावाल्याने नंतर सांगितलं.

डिसेंबरात निरोप आला. गुरुदत्त रजा काढून पुण्याहून आला. बायको परत न्यायला आलो असं म्हणत होता, पण खरं तर त्याला ती वस्तू बघायची होती, जिच्यापायी त्याने दीड महिना डब्यातली आळूची भाजी खाल्ली होती. दोघं दुकानात गेले. पालबाबूंनी पिवळी खोळ काढली.

काय सांगावं! रंग जुन्या गुळासारखा. कुठे नक्षी नाही, की शंखशिंपल्याचे तुकडे नाहीत. मंजुषाने चटईवर मांडी घातली, गिटार ठेवली, आणि ती बसली. घसरली नाही, कलली नाही. पालबाबूंनी तारा दोनदा उचलल्या, एकदा खाली घेतल्या, गिटारीच्या डोक्याशी कान लावला. "बजाइए."

मंजुषाने ओवी धरली. पहाटे जात्याशी बसलेली बाई जशी हळूहळू घुमवत नेते, तशी. पहिल्या घसरणीलाच चहावाला किटली घेऊन दारात थांबला. दोन कॉलेजची पोरं गळ्यातल्या गिटारी सावरत आत डोकावली. गुरुदत्त खांबाला टेकून उभा होता. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या त्या माणसाच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते घड्याळ बघायचं भान त्याला राहिलं नव्हतं.

संपल्यावर चहावाल्याने त्याला विचारलं, "दादा, आप कौन?"

"मी? मैं... इनका मिस्टर," गुरुदत्त म्हणाला, आणि छाती अशी काही फुगली की स्वेटरची शिवण ताणली. "दो साल से सीख रही हैं. घर पे रोज बजाती हैं." हे तो असं सांगत होता की जणू कांडी त्यानेच धरायला शिकवली.

उरलेले पैसे मंजुषाने आपल्या मोबाइलवरून भरले. पालबाबूंनी पावती लिहिली, एक कांडी फुकट दिली, आणि चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. एस्प्लनेडला मेट्रोत शिरताना तपासणीच्या यंत्रापाशी गुरुदत्त सवयीने पुढे झाला आणि खोळीकडे हात केला, "दे, मी घेतो. जड आहे."

"तुम्ही पर्स घ्या," मंजुषा म्हणाली.

यंत्रावरच्या महिला पोलिसाने लांबलचक खोळ पाहून विचारलं, "ये किसका है?"

एरवी सामानाबद्दल विचारलं की गुरुदत्तच उत्तर द्यायचा. त्याने तोंड उघडलं, मग मिटलं, आणि बायकोची पर्स काखेत धरून एक पाऊल मागे सरकला.

"मेरा है," मंजुषा म्हणाली. "बनवाया है."