काकूंचं अर्धं बिस्किट

आमच्याकडे पाहुणे आले की लग्नाचा अल्बम निघत नाही, बिस्किटांचे किस्से निघतात. खराडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये गेली तीन वर्षं मी कॉर्नफ्लोअरची मसाला बिस्किटं करते. वेलची, जायफळ आणि चिमूटभर मिरपूड घातलेली, जिभेवर ठेवली की विरघळणारी. म्हणजे, विरघळायला हवीत! त्या भानगडीत इतकं काही घडलंय की आता मंदार, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, ‘‘बिस्किटं कमी कर, किस्से पुरे झालेत.’’

*

रेसिपी शेजारच्या सुमतीकाकूंची. काकू मूळच्या नारायण पेठेतल्या, गणिताच्या रिटायर्ड बाई. मुलाकडे राहायला खराडीत आल्या, पण मनाने अजून नदीपलीकडेच आहेत.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, ‘‘दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, अर्धी वाटी मैदा, वाटीभर तूप.’’

मी विचारलं, ‘‘काकू, वाटी नेमकी केवढी?’’

‘‘आमच्याकडे आहे तेवढी.’’

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची वाटी घेऊन आल्या. माझं मोजून होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. मग वाटी धुतली, पुसली आणि निघाल्या.

‘‘राहू द्या ना इथेच,’’ मी म्हटलं.

‘‘रेसिपी दिली आहे,’’ काकू दारातून म्हणाल्या. ‘‘वाटी दिलेली नाही!’’

*

एकदा एका गुरुवारी मी डायनिंग टेबलावर कॉर्नफ्लोअर चाळत होते. समोर मंदारची ऑफिसची मीटिंग चालू, कॅमेरा ऑन. लाइट गेलेले, त्यामुळे पंखा बंद.

लाइट आले. पंखा पाचवर होता!

पांढरा धुरळा उडाला आणि सगळा मंदारवर बसला. भुवया, मिशा, चष्मा, सगळं पांढरं. पलीकडून मॅनेजर घाबरून म्हणाला, ‘‘अरे, तू एकदम पांढरा पडलायस! ठीक आहेस ना? लॅपटॉप बंद कर आणि जाऊन झोप बघू.’’

तेव्हापासून मी चाळणी काढली की मंदार लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसतो.

*

आठव्या मजल्यावरची वर्षा अमरावतीची. एकदा ती मदतीला आली. काकूंनी तिला चार मिरीदाणे मोजून दिले. वर्षा त्या दाण्यांकडे बघतच राहिली.

‘‘अवं ताई, इतकुशा मिऱ्यानं काय होते? चव तं लागली पायजे ना!’’ असं माझ्या कानात कुजबुजून तिने काकूंची पाठ वळताच मूठभर मिरी कुटून घातली.

मंदारने एक बिस्किट खाल्लं आणि त्याला जी उचकी लागली ती संध्याकाळपर्यंत. वर्षाने मात्र शांतपणे चार खाल्ली आणि म्हणाली, ‘‘आता कसं गोड लागून राह्यलं!’’

*

ही बिस्किटं भयंकर नाजूक. एकदा मी हौसेने डबा भरून स्कूटरवरून ऑफिसला नेला. घर ते ऑफिस दहा मिनिटं, पण वाटेत स्पीडब्रेकर किती! डबा उघडला तर आत नुसती पूड.

टाकवेना, म्हणून पँट्रीत चमच्यासकट ठेवून दिला. दुपारी आमच्या टीममधला व्यायामवेडा रोहित धावत आला. ‘‘मॅम, ही पावडर सॉलिड आहे! वर्कआउटच्या आधी घ्यायची की नंतर?’’

मी म्हटलं, ‘‘जेवणानंतर. दुधातून.’’ बिचारा अजून मागतो.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं, पण एक गोष्ट मला खरंच लागायची. दर वेळी मी पहिलं बिस्किट बशीत घालून काकूंना द्यायचे. काकू त्याचे बरोब्बर दोन भाग करायच्या. अर्धं खायच्या, अर्धं बशीत ठेवायच्या. मग एकच वाक्य. ‘‘तूप पातळ होतं.’’ ‘‘घाई केलीस.’’ एकदा तर नुसतंच, ‘‘हं.’’

ऑफिसात माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत. पण ते अर्धं बिस्किट बघितलं की मला रडू फुटायचं. काकूंनी एकदा, फक्त एकदा, अख्खं बिस्किट खावं, एवढीच माझी इच्छा होती. मंदार ते उरलेलं अर्धं तोंडात टाकून म्हणायचा, ‘‘मला तर पास वाटतं बुवा!’’

शेवटी मी लबाडी केली. एका चांगल्या बेकरीतून तशीच बिस्किटं आणली आणि माझी म्हणून बशीत ठेवली. काकूंनी अर्धं खाल्लं, अर्धं ठेवलं.

‘‘विकतची आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझी एवढी गोल नसतात!’’

*

गेल्या महिन्यात वर्षाच्या सासूबाई अमरावतीहून आल्या. त्यांना द्यायला मी ताजी बिस्किटं डब्यात भरली आणि काकूंना घेऊन लिफ्टने वर निघाले. काकूंनी डबा स्वतःकडे घेतला. ‘‘तू धरलास तर पूड होईल.’’

पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट बंद पडली.

इंटरकॉमवरून वॉचमन म्हणाला, ‘‘घाबरू नका, मॅडम. मेकॅनिक येरवड्यातून निघालाय. ट्रॅफिक हाय थोडं.’’

पहिली दहा मिनिटं काकूंनी बिल्डरला नावं ठेवली. पुढची दहा मिनिटं मुलाला, इथे फ्लॅट घेतला म्हणून. मग त्या लिफ्टमध्येच खाली बसल्या आणि त्यांनी डबा उघडला.

मी मुद्दाम तोंड फिरवलं आणि भिंतीवरची ‘आठ व्यक्ती’ ही पाटी वाचत राहिले. पाठीमागे झाकण वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं. मग वाजायचं बंदच झालं, कारण झाकण लावलंच नव्हतं.

‘‘तुला नकोच असतील,’’ काकू म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

मी श्वाससुद्धा जपून घेत होते. तासाभराने वर खडखडाट झाला. दार अर्धं सरकलं आणि घामाघूम झालेल्या मेकॅनिकने आत हात घातला. ‘‘या आजी, हात द्या. आधी तुम्ही बाहेर या!’’

काकूंनी वर बघितलंसुद्धा नाही.

‘‘जरा थांबा हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अजून दोन राहिलीत!’’