आमच्या ह्यांची झोप

दोघांच्या शर्यतीत सायकल चालवणं सोपं असतंय, झोपणं अवघड. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी फारमच भरू दिला नसता.

ह्यांचं नाव उद्धव. नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात, पण सारखं ‘हे’ आन् ‘ते’ केलं तर तुमचाच घोळ व्हायचा, म्हणून एकदाचं घेऊन टाकलं. लाइटीचे लाइनमन, वय एक्कावन्न. मी अंगणवाडीत तीस लेकरं सांभाळते, पण ह्या एका माणसानं मला जेवढं बेजार केलं तेवढं तीस जणांनी मिळून न्हाई केलं. बसणं कसं असतंय ते ह्यांना ठाऊकच न्हाई. जेवायला बसले की तिसऱ्या घासाला उठून दार बघून येणार. लग्नात पंगत बसली की हे वाढप्यात. रात्री अंगणात चपलांचा आवाज सुरू. मी म्हणायची, “आवो, गुरख्यालाबी एवढी ड्यूटी नसती, पडा की आता.” पडायचे, पुन्हा उठायचे.

जन्मापासून असे होते का? न्हाई, तेच तर दुखणं हाय.

अकरा वर्षं झाली त्याला. ह्यांची आन् नागेशभाऊंची जोडी होती. लाइनमनचं काम दोघांचं असतंय. एक खांबावर चढतो, दुसरा खाली स्विचच्या दांड्यापाशी बसतो. दांडा खाली ओढला की लाइन बंद. खालच्यानं एकच करायचं, वरचा उतरेपर्यंत त्या दांड्याला कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. त्या जूनमधी वादळानं बोरीकडचे खांब झोपवले होते. दोघं दोन दिवस, दोन रात्री घरीच आले न्हाईत. तिसऱ्या दिवशी दुपारी नागेशभाऊ वर आन् हे खाली, लिंबाच्या झाडाला टेकून. ह्यांचा डोळा लागला. तेवढ्यात गिरणीवाला आला, त्याचं दळण अडलेलं, त्यानं दांडा वर लोटला. नागेशभाऊ जगले, पण दोन्ही हात कोपराखाली काढावे लागले.

चौकशीत ह्यांनी सरळ सांगितलं, “साहेब, मला झोप लागली.” सहा महिने घरी बसवलं, मंग परत घेतलं. पण तेव्हापासून कुणी कामावर असलं की ह्यांच्या पापणीला पापणी लागत न्हाई. मी नुस्तं दूध तापवायले तरी हे जागे.

दर ऐतवारी हे नागेशभाऊंच्या घरी जायचे आन् त्यांची दाढी करून द्यायचे. अकरा वर्षांत एक ऐतवार चुकला न्हाई. गळ्यावर वस्तरा फिरवायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं, पण त्या दुपारबद्दल दोघांच्या तोंडून शब्द न्हाई. मला वाटायचं, बाबांनो, एकदा शिव्या घाला, एकदा धरून मारा, पण मोकळे व्हा. कशाचं काय! पुरुषमाणसं, तोंडाला कुलूप.

झोप न्हाई म्हणून सायकल आली. पहाटे चारला निघायचं, गंगाखेडला गोदावरीचं पाणी बघायचं आन् ड्यूटीच्या आत माघारी. ऐंशी किलोमीटर. लोक म्हणायचे, काय तब्येत राखलीय! मी म्हणायची, तब्येत कुठली, तरास हाय तो.

मंग नागेशभाऊंची पोरगी, भक्ती, मोठी झाली आन् कॉलेजात सायकलीच्या शर्यती जिंकायला लागली. एक दिवस मोबाइल नाचवत घरी आली. “काका, द्वारका ते पुरी! हिकडच्या समुद्रापासून तिकडच्या समुद्रापर्यंत. चोवीसशे किलोमीटर, सहा दिवस. दोघांची टीम. जी टीम वेळेत पोचंल, तिनं सांगितलेल्या कामाला शर्यतीची संस्था मदत करणार.” काम तिनं ठरवूनच आणलं होतं. आपल्या जिल्ह्यात करंटनं हात गेलेले चार लाइनमन, त्यांना मिळून सात हात. बॅटरीवर मूठ वळणारे. त्या सातातले दोन तिच्या बापाचे. ह्यांनी पुढं काही विचारलं न्हाई, फारम घेतला आन् सही केली.

नागेशभाऊ म्हणले, “मीबी येणार. हात न्हाईत, डोळे तर हायत. रस्ता सांगीन.” गाडी शेजारच्या धम्मानंदची, डायवर तोच, आन् खाण्यापिण्याला मी. निघालो पाच जण.

नियम असा होता की दोघांतलं एक जण कायम रस्त्यावर, दुसरं जीपमधी. सहा-सहा तासांची पाळी. भक्ती सायकलीवरनं उतरली की दोन केळी खायची, मागच्या गादीवर पडायची आन् मिनिटात गाढ. आन् हे? पोरगी रस्त्यावर गेली की ह्यांचं सुरू. मान खिडकीबाहेर. “ट्रक आला, ट्रक! भक्ते, डावीकडं घे!” ती पुढं कुठल्या कुठं, तिला काय ऐकू जाणार? ऐकायची मी, माझ्या कानाचे पडदे फाटायची पाळी आली. धम्मानंद म्हणला, “काकू, काकांना मागच्या सीटला बांधून टाकू का?” सगळा गुजरात असाच गेला.

सापुताऱ्याच्या घाटात तर कहर केला. भक्तीची पाळी आली, मी तिला उठवायला गेले, तर ह्यांनी सायकलीवरनंच हात हलवला, “झोपू द्या लेकराला, लय दमलंय.” सगळा घाट चढले आन् वर आणखी चार तास हाणली. भक्तीला जाग आली, तिनं घड्याळ बघितलं आन् अशी तडकली! “काका, मी जोडीदार हाय का पाहुणी? तुमी माझी पाळी खाल्ली म्हंजे उपकार केला का माझ्यावर? उद्या तुमी पडले तर मी एकटी काय करू?” पोरीचं कौतुक वाटलं मला, खरं सांगते.

आन् झालं तसंच. तिसऱ्या दिवशी जालना सोडलं तेव्हापासूनच सायकल डुलायला लागली होती. आपल्या जिल्ह्यात शिरलो, देवगाव फाट्याचा चौक दिसायला लागला आन् हे सरळ रस्त्याखाली गेले. काट्यात. लागलं फार न्हाई, पण उठून उभे राहिले तर मलाच विचारायले, “आपण कुठं जायलोत?”

शर्यतीची डॉक्टरीण मागच्या गाडीत होती. तिनं ह्यांचे डोळे बघितले, बोटं मोजायला लावली. मंग म्हणली, “पुढच्या पाळीआधी मी यांना परत तपासणार आहे. किमान दोन तास खरी झोप हवी. गोळी चालणार नाही. असेच डोळे असले तर तुमची टीम बाद.” भक्तीनं हेल्मेट चढवलं आन् निघाली. तिनं परभणीच्या पुढं पिंगळीपर्यंत न्यायची आन् तिथं ह्यांनी घ्यायची, असं ठरलं.

आता देवगाव फाटा ते पिंगळी म्हंजे रस्ता कोणता? जिंतूर, बोरी, झरी, परभणी. तोच तो रस्ता, लिंबाच्या झाडाचा. देवाला दुसरा सापडला न्हाई.

मी माझी साडी फाडून खिडक्यांना पडदे केले. ह्यांच्या टाळूवर तेल थापलं. अंगणवाडीतली लेकरं माझ्या थोपटण्यानं पाच मिनिटांत झोपतात, म्हणून थोपटलं. हे ताठ पडलेले, डोळे टक्क उघडे. “मागं कोण हाय तिच्या? बस हाय का?” “कुणी न्हाई.” “मंग हॉर्न कशाचा वाजला?” जिंतूर आलं आन् गेलं. तास उलटला. चार माणसांचे सात हात ह्या एका माणसाच्या पापणीला अडकलेले, आन् ती काही केल्या मिटंना. शेवटी मी किंचाळले, “आवो, झोपा ना! आयुष्यात एवढं एक काम करा माझं!” किंचाळून कुणी झोपतंय का? पण माझंबी डोकं फिरलं होतं.

पुढच्या सीटवरनं नागेशभाऊ म्हणले, “धम्मानंद, गाडी थांबव जरा. मला मागं बसायचंय.”

मी उतरून दार उघडलं आन् त्यांना हाताला... न्हाई, खांद्याला धरून मागं आणलं. ते गादीच्या कडंला बसले. गाडी सुरू झाली.

“उद्धव,” ते म्हणले, “त्या दिवशी मी वरनं तुला बघितलं होतं.”

ह्यांनी कूस बदलून त्यांच्याकडं बघितलं.

“तुझी मान कलली. मला सगळं दिसायलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं मी. मंग म्हणलं, दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई बिचाऱ्याच्या, पडू दे दहा मिनिटं. म्हणून हाक मारली न्हाई. तू झोपलास ते खरं हाय. पण तुला झोपू दिलं मीच.”

हे उठून बसले. तोंड पांढरंफटक. “अकरा वर्षं... कामून सांगितलं न्हाईस?”

नागेशभाऊंनी मान वळवली न्हाई. ह्यांच्या तोंडाकडं बघूनच बोलले. “सांगितलं असतं तर तुझं ओझं हलकं झालं असतं. ते मला करायचं न्हवतं. माझे हात गेले आन् तू आरामात झोपणार? म्हणलं, जागू दे ह्याला. ऐतवारी तू लाल डोळे घेऊन यायचास, मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? अजूनबी राग हाय माझा. पण आता रस्त्यावर माझी पोरगी हाय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते अंगणातले चपलांचे आवाज मी ऐकलेत, अकरा वर्षं, रोज. आन् ह्या माणसाला मी सकाळीच माझ्या हातानं भाकर कुस्करून भरवली होती, वर ठेचा लावून! चालत्या गाडीतनं ढकलून द्यावं वाटलं मला त्याला. खरंच वाटलं.

ह्यांनी नागेशभाऊंना एक शिवी दिली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, अशी शिवी मी ह्यांच्या तोंडून ऐकली न्हवती आन् इथं सांगण्यासारखी बी न्हाई. मंग दुसरी दिली. “तोंड बघायचं न्हाई मला तुझं!” म्हणले, रागारागानं पाठ फिरवली, तोंड पत्र्याकडं केलं आन् गोधडी डोक्यावरनं ओढून घेतली.

मला वाटलं, आता रडायलेत. जरा वेळानं मी गोधडीचं टोक उचलून बघितलं.

झोपले होते.

गोधडीचं टोक मी हळूच सोडलं. बोरीच्या अलीकडं ते लिंबाचं झाड आलं. नागेशभाऊंनी बघितलं, मी बघितलं, आन् ते मागं गेलं. ह्यांना पत्ताबी न्हाई. पुढं भक्ती खाली मान घालून पाय मारायली होती, बाजूनं उसाचे ट्रॅक्टर, ट्रका, आन् आता खिडकीबाहेर मान काढून बसायची वेळ माझ्यावर आली. परभणीत तर लोक हार आन् हलगी घेऊन रस्त्यावर उभे. मी अर्धी बाहेर लोंबकळून तोंडावर बोट ठेवलं, “गप! गप बसा सगळे!” हलगीवाला टिपरू तसंच वर धरून बघत राहिला. सत्कार झाला तो असा, मुक्यानं.

पिंगळी आली. ह्यांना झोपून पावणेतीन तास झाले होते. भक्ती जीपच्या बाजूला आली, घामानं निथळत, आन् आत डोकावली. ह्यांना तसं पडलेलं तिनं जन्मात बघितलं न्हवतं. हळूच म्हणली, “काकू, माझ्यात अजून दम हाय. तासभर ओढते मी. झोपू द्या काकांना.”

खरं सांगू? मीबी ‘बरं’ म्हणणारच होते.

“न्हाई,” नागेशभाऊ म्हणले. “पाळी त्याची हाय.” आन् ते ह्यांच्या कानाशी वाकले. “उद्धव! ए उद्धव! ऊठ!” एवढ्या मोठ्यानं की हाटेलातली माणसं कप हातात घेऊन बाहेर आली. पहिल्या हाकेला हे हलले न्हाईत, दुसऱ्या हाकेलाबी न्हाई. नागेशभाऊंचा सगळा जीव गळ्यात आला होता. “उद्ध्या, ऊठ रे! ऊठ!”

“उठलो की,” गोधडीतनं आवाज आला. “बोंबलायलास कशाला?”

डॉक्टरणीनं डोळे बघितले, बोटं मोजायला लावली आन् मान हलवली, “जाऊ द्या यांना.” त्याच्यापुढं पाळीला पाळी लागत गेली आन् पुरीला आमी दोन तास राखून पोचलो. सात हात मंजूर झाले. पण ते नंतरचं. पिंगळीला ह्यांनी तोंडावर पाणी मारलं, नागेशभाऊंकडं बघितलं न्हाई, टांग टाकली आन् गेले. सायकल सरळ चालली होती. भक्ती गादीवर पडली आन् लगेच झोपली.

नागेशभाऊ तिथंच मागं बसून होते. डोळ्यांतनं धारा लागलेल्या, दाढीवरनं शर्टावर पडायलेल्या. माझा राग काही गेला न्हवता, आजबी सगळा गेलेला न्हाई. पण त्यांचे डोळे पुसायला दुसरं होतं कोण? पदर घेतला आन् पुसले मी. जरा जोरातच पुसले.