खांबाला तीन वेढे

नामाने दोर मुद्दाम सोडला, म्हणून त्याचा दाजी भूपेश गेला. भिवंडीच्या कामतघर भागात ही बातमी चहाच्या टपरीवरून निघाली आणि आमच्या चाळीच्या नळापर्यंत पोचेस्तोवर तिला दाढीमिशा फुटल्या. टपरीवर नामा नुसता रागात होता, नळावर तो पिऊनही आला होता! आता ज्या माणसाला दारूच्या वासानेच उमासा येतो, जो वरातीत बँडवाल्यांपासून सुद्धा चार हात लांब चालतो, तो कुठला पिणार? पण नळावर पाणी कमी आणि तोंडं जास्त. खरं असं, की दोर नामाने सोडला नव्हता. दोर सरकला होता.

शहापूरकडचा हा कुणब्याचा पोर भिवंडीत कापडाचे लूम चालवायला आला आणि लूम उतरवायला लागला. कारखाने बंद पडू लागले, माळ्यांवरचे लूम भंगारात निघाले, तसा नामाचा धंदा तेजीत आला. "नामा, तू म्हणजे लूमचा खांदेकरी रे," असं चाळीतले चिडवायचे. तो म्हणायचा, "खांदेकरी चार लागतात. मला एक खांब पुरतो."

आणि पुरायचाच. भिंत फोडून बाहेर गर्डर काढायचा, त्याला कप्पी टांगायची. दोराच्या एका टोकाला लोखंड, दुसरं टोक माळ्यावरच्या खांबाला वेढे देऊन नामाच्या मुठीत. एका वेढ्यात खांब थोडं ओझं पेलतो, दुसऱ्यात बरंच, तिसऱ्यात एवढं की नामा एका हाताने दोर ढिला करत दुसऱ्या हाताने कान कोरायचा. खाली भूपेश असायचा. आलेलं धूड विजेच्या तारांपासून लांब ओढून टेम्पोत बसवायचं, हे त्याचं काम. भूपेश म्हणजे नामाच्या थोरल्या बहिणीचा, तुळजाचा नवरा.

आता घड्याळाची गोष्ट. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान नामाचा. कान त्याने असा पिळला की भूपेशच्या मुंडावळ्या तुटल्या, आणि कानपिळीचं म्हणून भूपेशने मांडवात सगळ्यांदेखत घड्याळ कबूल केलं. ते घड्याळ आजतागायत आलं नाही. दर दिवाळीला नामा मोकळं मनगट पुढे करायचा, "दाजी, किती वाजले?" आणि भूपेश आभाळाकडे बघून वेळ सांगायचा. चाळ पोट धरून हसायची.

बाळारामशेटचा कारखाना भंगारात निघाला तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. शेट आगरी, बापजाद्यांच्या जमिनीवर उभारलेला कारखाना. त्यांची आई धोंडूबाई दर दसऱ्याला माळ्यावरच्या मधल्या खांबाला तेल-शेंदूर लावायची, खांब तिच्या घरचा देवच. पण दसऱ्याला कुणी लूम उतरवत नाही. या वेळी म्हातारीने निरोपाची पूजा केली, ती नेमकी उतरवायच्या सकाळी. तेल हात सैल सोडून ओतलं. नामा दोर घेऊन वर आला तेव्हा खांब लग्नातल्या नवऱ्यासारखा चकाकत होता.

नामाने खिशातून फडकं काढलं.

"काय करतंस रं?" धोंडूबाई म्हणाली.

"जरा पुसून घेतो, आजी. तेलावर दोर धरायचा नाही."

"देवाच्या अंगावरचा पुसतंस? घरातून लक्ष्मी चालली हाय, आन तू तिचा शेंदूर पुसतंस?"

नामाने फडक्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. चौथा वेढा द्यावा तर दोर पुरत नव्हता. त्याच्या आईने तरी देवाचं तेल पुसू दिलं असतं का? त्याने फडकं खिशात घातलं, खांबाच्या पाया पडला आणि तीन वेढे दिले.

आधी हलके तुकडे गेले. दोर कोरडा होता, तेल पीत गेला. नामाला मुठीत ओढ जास्त लागत होती, पण खाली भूपेश रंगात आला होता. लूमचा अख्खा सांगाडा कप्पीखाली लोंबकळला तेव्हा तो वर बघून ओरडला, "मेव्हण्या, घड्याळाचा राग दोरावर काढू नको हां!"

गल्ली हसली. नामाही हसला, आणि त्याच हसण्यात दोर खांबावरून सरकला.

तीन वेढे जागच्या जागी होते, फक्त त्यांनी धरायचं सोडलं होतं. सगळं ओझं नामाच्या मुठीत आलं. दोर तळवे सोलत गेला, त्याला ओढत खांबापर्यंत घेऊन गेला, आणि बोटं दोर-खांबाच्या मध्ये सापडली तरी मूठ उघडली नाही. खाली भूपेशने वर केलेली मान त्याला खाली करता आली नाही.

संध्याकाळपर्यंत खांब सोड्याने धुऊन लख्ख झाला होता. पोलिसांना शेटने तेलाचं सांगितलं नाही. नामानेही नाही. काय सांगणार? फडकं तर त्यानेच खिशात घातलं होतं. गल्लीपाशी मात्र भूपेशचे शेवटचे शब्द होते, घड्याळाचे, आणि जी तोंडं ते ऐकून हसली होती त्याच तोंडांनी ते साक्ष म्हणून फिरवले. ही साक्ष तुळजापर्यंत पोचली. ती इस्पितळात भावाला बघायला गेली नाही.

नामाला दुसऱ्या कुणाची पर्वा नव्हती. शेट, पोलीस, नळावरच्या बाया, काय म्हणायचं ते म्हणोत. तुळजाने काय मानलं, एवढंच त्याला पाहिजे होतं, आणि विचारायची छाती नव्हती.

तेराव्याला दुखवट्याची साडी घेऊन जायचं भावाला चुकत नाही. इस्पितळातून तो थेट तिच्या खोलीवर गेला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही सगळे होतोच, असल्या वेळी कोण घरी बसतं? नामाचे दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत होते, उजव्या पट्टीत बोटांची जागा सपाट होती. साडीची पिशवी कोपराला अडकवलेली.

तुळजा उठली नाही. सगळ्यांदेखत म्हणाली, "नाम्या, खरं सांग. दोर सोडलास तू?"

नामाने तेलाचं नाव काढलं नाही, म्हातारीचं काढलं नाही. कोपर पुढे केलं, पिशवी तिच्यासमोर लोंबकळली.

"सोडला असता ना ताई, तर ही साडी तुला हातांनी दिली असती."